नव्या तांदळाच्या दिवसांत पास्ता

काल घरात नवा तांदूळ आला. शेत आता चुलतभाऊ करतो. त्याने आमच्या वाट्याची पोती गिरणीतून परस्पर टेंपोत घालून पाठवली. उतरवून घेताना पोत्यात हात घातला तर दाणे अजून कोमट होते. गिरणीच्या दगडाची ही ऊब संध्याकाळपर्यंत टिकते. बाहेरची पोती लवकर निवतात, मधल्या पोत्यांना वेळ लागतो. मी दरवर्षी हात घालून बघतो आणि दरवर्षी तेवढंच नवल वाटतं.

आमच्याकडे या दिवसांत भाताचं गणित बदलतं. जुन्या तांदळाला एकास दोन पाणी, थोडं सढळ. नव्याला एकास दीड घातलं तरी पहिल्या दिवशी भात चिकट होतोच. मग एकेक दिवस पाणी कमी करत जायचं. तांदूळ कुठल्या खाचरातला, किती वाळला, झोडणीआधी दव किती पडलं, या सगळ्याचा हिशेब त्या पाण्यात असतो आणि तो आगाऊ कोणालाच मांडता येत नाही. म्हणून या पंधरवड्यात कोणाच्याही घरी गेलं तरी ताटावर बसण्याआधी एक प्रश्न ऐकू येतो: नवा की जुना? चिकट भाताबद्दल मग कोणी कोणाला बोलत नाही. नवा आहे म्हटलं की सगळं माफ.

कर्जतची हवा या दिवसांत अशी असते की लांबचं जवळ वाटतं. माथेरानची कड कोणी पेन्सिलीने गिरवल्यासारखी स्वच्छ दिसते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोर लावणारं इंजिन पावसाळ्यात ऐकूही येत नाही, ते आता अंगणात असल्यासारखं धापा टाकतं. खाचरांत भाताचे कापलेले बुडखे उरलेले, त्यांच्या ओलीवर कोणी वाल पेरलेले. आणि पेंढ्याचा वास. तो सगळीकडे असतो. रस्त्यावर, कपड्यांत, स्टेशनच्या जिन्यावर. इतका सगळीकडे, की आहे हे कळत नाही. कोणाला तो येत नाही असं समजलं, तेव्हा मला तो येतो हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं.

ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. त्या वर्षी पावसाळ्यात नंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, साधा ताप आला. चार दिवसांत उतरला. जाताना वास घेऊन गेला.

चव गेली असं आम्ही आधी म्हणत होतो, पण ते बरोबर नव्हतं. मी खालापूरकडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वस्तू हरवली तर नेमकी कोणती हरवली हे आधी ठरवायचं, ही तिथली सवय. एका रविवारी मी ओट्यावर वाट्या मांडल्या आणि तिला डोळे मिटून बसवलं. मीठ कळलं, साखर कळली, चिंच कळली, मिरची तर चांगलीच कळली. म्हणजे जीभ शाबूत होती. मग एकेक वाटी नाकाशी धरली. हिंग: काहीच नाही. कॉफी: काहीच नाही. कापराला म्हणाली, "गार आहे." चिरलेल्या कांद्याला म्हणाली, "डोळ्यांना कळला, नाकाला नाही." उदबत्ती पेटवून धरली तर म्हणाली, "धूर आहे. कसला ते तू सांग."

त्या दिवशी मला पहिल्यांदा उमगलं की आपण ज्याला चव म्हणतो त्यातली बहुतेक चव नाकातच असते. वालाचं बिरडं आणि मटकीची उसळ तिला आता सारखीच लागत होती. दोन्ही मऊ, दोन्ही तिखट, दोन्ही खारट. आपल्या भाषेत हाताला चव असते. अमकीच्या हाताला चव आहे असं आपण सरळ म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. नंदाच्या हाताला ती आहे असं तिच्या माहेरच्या-सासरच्या सगळ्या बायका म्हणत आल्या. आता प्रश्न असा होता, की नाक गेल्यावर हातातली चव राहते का? हात काय करतो ते हाताला कोण सांगतं?

डॉक्टरांनी सांगितलं, परत येईल किंवा येणार नाही. कधी, ते सांगता येत नाही. मला आकडा नसलेलं उत्तर पचत नाही. तिने मात्र मान हलवली आणि घरी येऊन कुकर लावला.

(आज दोन वर्षांनी थोडा वास परतला आहे, पण वेडावाकडा. कोथिंबिरीला साबणाचा वास येतो म्हणते. दळलेली कॉफी मात्र एका सकाळी अचानक नीट आली. बाकीचं कुठे अडकलं आहे कोण जाणे.)

खरी गोष्ट बिघडली ती गणपतीत. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. मोदक नंदाचे. पाकळ्या नेहमीसारख्या कोरीव, उकड नेहमीसारखी लुसलुशीत, कारण हे काम बोटांचं. पण नारळ खवट निघाला होता. आम्हा कोणाच्या ते खोवताना लक्षात आलं नाही, आणि सारण शिजताना जिच्या लक्षात यायचं तिला वासच नव्हता. नऊ माणसं पानावर बसली. पहिल्या घासाला सगळ्यांना कळलं. कोणी काही बोललं नाही. बिचारीला बरं नाही, सणाचा दिवस, उगाच कशाला. सगळ्यांनी मनात एकच विचार केला असणार. तिने स्वतः दोन मोदक खाल्ले. तिला गोड लागले.

जेवणं झाल्यावर ती पानं उचलायला लागली तेव्हा तिला दिसलं, की मोदकाच्या पाऱ्या खाल्ल्या आहेत आणि सारण केळीच्या पानाच्या कडेखाली सरकवून ठेवलं आहे. एका पानाखाली नाही, सगळ्याच पानांखाली. माझ्याही.

तिने मुलीला विचारलं. मृणाल म्हणाली, "आई, खोबरं जरा खवट होतं."

"जरा म्हणजे किती?"

नंदा रडली वगैरे नाही. पानं नीट दुमडून बाहेर टाकून आली आणि मला म्हणाली, "वाईट झालं त्याचं काही नाही. नऊ माणसं जेवली आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही."

त्यानंतर ती रोजचा स्वयंपाक करत होती, पण मापाने. मापं मी काढून दिली होती; इतक्या डाळीला इतकं मीठ, इतकी हळद. वजनकाटा ओट्यावर आला. जेवण चुकत नव्हतं. ती विचारायची, कसं झालंय? मी म्हणायचो, छान. मुलगी फोनवर म्हणायची, आई, छानच असणार. पुढे तिने विचारणं सोडलं. पाहुणे येणार म्हटलं की काहीतरी कारण काढून बाहेरून मागवायची. वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकणारी बाई चार माणसांसाठी हॉटेलचा नंबर शोधायला लागली.

आणि मग भात कापून झाला, झोडून झाला, नवा तांदूळ घरी आला. आमच्याकडे नवं एकट्याने खात नाहीत. पहिला भात शिजला की माहेरवाशिणीला बोलावायचं. माहेरवाशीण म्हणजे माझी थोरली बहीण, सुमनताई. ती लोधिवलीला दिली आहे. दरवर्षी ती आणि दाजी येतात, एक मुक्काम करतात. ताट ठरलेलं: नवा भात, त्यावर तूप, बिरडं, गव्हाची खीर. या ताटाला हॉटेल चालत नाही. तेव्हा नंदा काय करते याची मला काळजी लागली होती. हा एक दिवसही तिने टाळला असता, तर पुढे तिने कोणासाठी चूल पेटवली नसती, असं मला वाटत होतं. तिलाही वाटत असावं.

तिने बरेच दिवस विचार केला आणि एका संध्याकाळी सांगितलं, "भात तू लाव. बिरडं नाही, खीर नाही. ज्याची चव सगळ्यांना पाठ आहे ते मी करणार नाही. कोणी कधीच खाल्लं नाही असं काहीतरी करते. मग कोणी म्हणणार नाही की पहिल्यासारखं नाही झालं."

मला हे तर्काला धरून वाटलं. ज्याला नमुनाच नाही तो माल नापास कसा करणार?

पदार्थ मृणालने सुचवला. ती आणि जावई शेलूला राहतात. नव्या इमारतींपैकी एकीत, तिसऱ्या मजल्यावर. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. मोठ्या शंखांच्या आकाराचा पास्ता, आत सारण भरायचं, खाली टोमॅटोचा रस्सा, वर दुधाचा पांढरा सॉस आणि चीज, आणि सगळं भट्टीत भाजायचं. नंदाने तो आवाज बंद करून तीन वेळा बघितला. "भरलेलंच आहे की," ती म्हणाली. भरली वांगी, भरली मिरची, मोदक, करंजी. भरणं तिला नवं नव्हतं. व्हिडिओतली बाई काय बोलते आहे ते तिला ऐकायचंच नव्हतं. हात काय करतात ते ती बघत होती.

मी ताईला फोन केला. तिला सगळं ठाऊक होतं, तरी पुन्हा सांगितलं, की नंदा या वेळी वेगळं काहीतरी करते आहे, कमी-जास्त झालं तर बोलू नकोस, चांगलं झालंय म्हण. ताई म्हणाली, "बरं." एवढंच. ताई एका शब्दात थांबली की मी सावध व्हायला हवं होतं.

ताई येणार त्या दिवशी दुपारी मृणाल यायच्या आधीच आम्ही कामाला लागलो. पाकीट फोडलं. शंख मोजले, चाळीस. कडक, फिक्या पिवळ्या रंगाचे, वरून खरबरीत. नंदाने एक हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला, नखाने टिचकी मारली, दाताने कोपरा चावून बघितला. मग तिने मला तो प्रश्न विचारला, जो आमच्याकडे त्या दिवसांत कोणीही विचारला असता.

"नवं की जुनं?"

मी पाकिटावरची तारीख बघितली. मागच्या हिवाळ्यातलं होतं. "जुनं," मी म्हणालो.

आज हे लिहितानाही मला त्यात काही चूक दिसत नाही. समोर धान्याची वस्तू होती, वाळवलेली होती, वर्षाची झालेली होती. जुन्याला पाणी जास्त. सावधगिरी म्हणून अर्धेच शंख घेतले, तोपात घातले, एकास अडीच पाणी, वर झाकण, मंद आच. पाणी आटेपर्यंत उघडायचं नाही. पाणी आटलं. उघडलं तर आत शंख नव्हते, एक वडी होती. सुरीने चौकोन पडले असते.

मृणाल आली तेव्हा आम्ही दोघं त्या वडीकडे बघत उभे होतो. तिला हसू आवरेना. म्हणाली, "बाबा, हा भात नाहीये. भरपूर पाण्यात उकळायचा, थोडा कच्चा असतानाच पाणी ओतून टाकायचं."

नंदा म्हणाली, "म्हणजे वेळायचा. मग तसं सांग ना."

वेळणं हा शब्द मृणालला ठाऊक नव्हता. कुकर यायच्या आधी कोकणातल्या घराघरांत भात वेळूनच करत. पुष्कळ पाण्यात उकळायचा, शीत बोटाने दाबून बघायचं, मग तोपावर वेळणी धरून पाणी गाळून काढायचं. नंदाच्या माहेरी ती लहान असताना तसाच भात होई. मापाची गरजच नाही त्यात. पाणी उरणारच असतं. मला वाटतं, आपल्याकडे कुठला पदार्थ किती लांबून येतो हे महत्त्वाचं नाही. त्याला इथला एक शब्द सापडावा लागतो. तो सापडला की हात पुढचं करतात. उरलेले वीस शंख तिने वेळले, एकही न फाटता. मला घड्याळ लावू दिलं नाही. बोटाने दाबून बघत होती.

सारणातही तिने एक गोष्ट केली जी व्हिडिओत नव्हती. पनीर आणि पालक त्यात होतंच. तिने मक्याचे दाणे घातले आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर भरडा घातला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "दाताला कळलं पाहिजे काहीतरी." मी तोवर असा विचार केला नव्हता. गेले चार महिने ती जेवत होती ते दातांनी आणि जिभेच्या टोकाने. कुरकुरीत काय, चिवट काय, मऊ काय, गरम काय, यावर तिचं जेवण उभं होतं. मग मीही एक घास नाक दाबून खाऊन बघितला. खरंच, दाणा तेवढा भेटतो, बाकी सगळं गुळगुळीत. एका घासात मला जे कळलं ते तिला रोज दोन वेळा कळत होतं.

पांढऱ्या सॉससाठी लोणी, मैदा, दूध मी वजन करून दिलं. शेवटी व्हिडिओतली बाई म्हणते, चिमूटभर जायफळ. चिमूट म्हणजे किती? मी जायफळाची पूड काट्यावर घातली. काटा शून्य दाखवत राहिला. अजून थोडी घातली, तरी शून्य. "राहू दे तुझा काटा," नंदा म्हणाली आणि जायफळ खिसणीवर थेट पातेल्यावर धरून फिरवलं, जसं ती इतकी वर्षं फिरवत आली होती तसं.

आता भाजायचं कुठे? आमच्याकडे भट्टी नाही, पण गावात आहे. दिवाळीच्या आधी कर्जतच्या बायका नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीत रांग लावतात. घरी पीठ मळायचं, भट्टीतून भाजून आणायचं. ही बेकरी रशीदभाईंची. त्यांचे आजोबा खाली किनाऱ्याकडून वर आले. संध्याकाळच्या पावाचा घाणा निघाला की भट्टीत ऊब उरते, ती ट्रेवाल्यांची. मी, नंदा आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला ट्रे, असे आम्ही रिक्षाने गेलो.

रशीदभाईंनी झाकण उचलून बघितलं. "वहिनी, हे काय आणलंत?" मी पदार्थ समजावला आणि म्हटलं, एकशे ऐंशी अंश पाहिजे. ते म्हणाले, "नानकटाईपेक्षा चढी, पावापेक्षा उतरती." मला ते पटलं, वरची मर्यादा आणि खालची मर्यादा दोन्ही दिल्या होत्या.

पाव नुकतेच निघाले होते. बेकरीत तो वास इतका दाटला होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. नंदा भट्टीच्या तोंडाशी उभी राहून आतला लाल उजेड बघत होती. ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मला हा वास येत नाही. ताप आला तेव्हापासून."

रशीदभाई हात पुसत म्हणाले, "मलाही नाही येत. जन्म गेला यात. गावाला जाऊन आलो ना, तर पहिल्या दिवशी येतो. दुसऱ्या दिवसापासून गेला."

"मग पाव झाला ते कसं कळतं तुम्हाला?"

"रंग बघतो, बुडाला टिचकी मारतो. नाहीतर पोराला विचारतो, वास सुटला का रे?"

ती हसली. चार महिन्यांत मी तिला कोणाशी या विषयावर इतकं सरळ बोलताना पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे वास या शब्दाला वळसा घालून चालत होतो. रशीदभाईंना वळसा घालायचं कारणच नव्हतं.

ट्रे बाहेर आला तेव्हा वरचं चीज ठिकठिकाणी तपकिरी झालं होतं आणि कडेने रस्सा बुडबुडत होता. नंदाने तो कान देऊन ऐकला. खरंच, कान देऊन.

घरी ताई, दाजी आणि जावई आले होते. ताईची नजर आधी मोरीजवळच्या तोपाकडे गेली, ज्यात शंख वेळले होते. "याची पेज टाकलीस?" तिने विचारलं. पाणी टाकून दिल्याचं कळल्यावर तिने मान हलवली, जणू पुढच्या जेवणाबद्दल तिचं मत तिथेच ठरलं.

आम्ही सहा जण होतो. वीस शंख, प्रत्येकी तीन, दोन शिल्लक. ताटात एका बाजूला नव्या भाताची मूद, त्यावर तूप, दुसऱ्या बाजूला हे तीन शंख. भात मी लावला होता आणि तो बऱ्यापैकी चिकट होता. त्याला कोणी काही म्हणणार नव्हतं. नंदाने स्वतः घेतलं नाही. वाढून झाल्यावर ती आमच्या तोंडांकडे बघत उभी राहिली. बोलण्याकडे तिचं लक्ष नव्हतं, तोंडांकडे होतं. मला केळीची पानं आठवली आणि मी पहिला घास मोठा घेतला.

चव वाईट नव्हती. पण ओळखीची होती, आणि हेच विचित्र होतं. आयुष्यात पहिल्यांदा खातो आहे ते ओळखीचं कसं लागतंय, ते मला कळेना. जावई म्हणाले, छान झालंय. मृणाल म्हणाली, मस्त. दाजी जेवताना बोलत नाहीत. मी म्हणालो, छान. आमच्या तिघांच्या बोलण्यात थोडी घाई होती.

ताईने पहिला शंख संपवला. दुसरा अर्धा खाल्ला. मग चमचा ताटात ठेवला. मी तिच्याकडे बघून भुवई उंचावली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"नंदा, खरं सांगू गं? याला पुरणपोळीचा वास हाय."

दाजींचा हात वाटीवर थांबला. आणि तेवढ्यात आम्हा सगळ्यांना कळलं की तो ओळखीचा वास कशाचा. जायफळ. आमच्या घरात जायफळ दोनच ठिकाणी पडतं, पुरणात आणि श्रीखंडात, आणि नंदाचा हात पुरणाच्या सवयीने फिरला होता. माझ्या काट्याने ज्याला शून्य म्हटलं होतं, त्याने सगळा पदार्थ व्यापला होता. की ते प्रमाण बरोबरच होतं, आणि आमची नाकं दोनच पदार्थ ओळखत होती? याचा निकाल आम्ही अजून लावू शकलो नाही. नमुना कोणीच खाल्लेला नव्हता.

मला ताईचा राग आला. मी काहीतरी सारवासारव करणार होतो. पण नंदा खाली बसली. तिने ताईच्या ताटातला अर्धा उरलेला शंख उचलला, तोंडात घातला आणि डोळे मिटून हळूहळू चावला.

"पुरणपोळीचा? तव्यावरच्या, की डब्यातल्या?"

ताईने विचार केला. ती अशा प्रश्नांना हसत नाही. "डब्यातल्या. दुसऱ्या दिवशीच्या."

नंदा चावत राहिली. मग म्हणाली, "हां. आठवला." डोळे मिटलेलेच होते. "आला नाही. पण आठवला. याच्यावर बसतो तो."

असं होऊ शकतं का, मला माहीत नाही. दुसऱ्याने नाव घेतल्याने वास आठवतो, आणि आठवलेला वास घासावर बसतो, याला शास्त्रात काय म्हणत असतील ते कोणाला तरी विचारायला हवं. पण तिच्या चेहऱ्यावर मी ते बघितलं. त्या घासापर्यंत तिच्या तोंडात मऊ, खारट आणि दाणेदार एवढंच होतं. त्या घासानंतर तिच्या तोंडात काय आहे हे तिला कळलं.

तिने ताट वाढून घेतलं. एक शंख फोडला आणि त्याचा तपकिरी झालेला वरचा पापुद्रा जावयांपुढे धरला. "याला कसला येतो?" ते बिचारे गोंधळले, वास घेऊन म्हणाले, दूध उतू गेल्यावर शेगडीला येतो तसा. मृणाल म्हणाली, काहीतरीच काय, दुधाची साय करपल्यासारखा. रस्सा कसला? टोमॅटोच्या साराचा, पण लसूण जास्त. किती जास्त? पाकळीभर. पालक? यावर दाजी बोलले. "शेतात पाणी सोडल्यावर येतो तसा," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. ताई म्हणाली, असं काही नाही, यांना सगळ्याला शेताचाच वास येतो. चार महिन्यांत आमच्या ताटावर पहिल्यांदा भांडण झालं. लसूण जास्त, मीठ बरोबर, दाणे आवडले, जायफळ पुढच्या वेळी निम्मं, नाही, अजिबातच नको. नंदा प्रत्येकाकडे वळून विचारत होती आणि प्रत्येक घासानंतर क्षणभर थांबत होती. उरलेले दोन शंखही तिनेच खाल्ले.

मी त्या दिवशी ताईला मोकळेपणाने काही बोलू शकलो नाही. हात धुताना एवढंच म्हणालो, तू बरं म्हणाली होतीस. ती म्हणाली, "बरं म्हंजे आयकलं. आमी काय तुझ्या कारखान्यातलं नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई जाण्याआधी मला स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. मी दारातच थांबलो. नंदाने वाल सोलून ठेवले होते. रात्री केव्हा भिजत घातले होते तिचं तिला ठाऊक. कढईत तेल तापलं होतं. ताई शेजारी स्टूल ओढून बसली होती आणि मोठ्या आवाजात सांगत होती: मोहरी तडतडली, जिरं फुललं, आता हिंग पडला, आता कांदा लालीवर आला बघ गं.

नंदाने उलथणं थांबवलं आणि तिच्याकडे वळली.

"ते मला दिसतंय, वन्सं. वास सांगा."